पावती हातात आहे, पैसे कुठे आहेत?

मावशी जुलै सोडून कधी येत नाही. इन्कम टॅक्सचे रिटर्न भरायचे असले की फोंड्याच्या बसस्टँडवरून चालत येते, पंख्याखाली पाच मिनिटे बसते, मग बोलते. त्या दिवशी मात्र आली ती थेट टेबलाशी, आणि कापड दुकानाच्या प्लास्टिक पिशवीतून एकेक कागद काढून माझ्यासमोर ठेवू लागली. प्राथमिक शाळेत तीस वर्षे शिकवलेली बाई. सगळ्या पावत्यांच्या कोपऱ्यात मुदत कधी संपते ते पेन्सिलीने लिहिलेले.

‘‘पुता, पांच लाख मेळटले म्हणटात. म्हाका कितले मेळटले तें सांग.’’

तिच्या बँकेवर निर्बंध आले होते, आणि बँक अडचणीत आली की ठेवींवर पाच लाखांपर्यंत विमा मिळतो असे तिने ऐकले होते. ती सारी एकाच बँकेची कागदपत्रे आहेत असे ती धरून चालली होती. मी त्यांचे तीन गठ्ठे केले. गोव्यात एखादी लहान बँक अडचणीत आली की चहाच्या टपरीपासून देवळाच्या मंडपापर्यंत जी चर्चा होते, तिच्यात हे तीन गठ्ठे नेहमी एकमेकांत मिसळलेले असतात. म्हणून ज्याचे सगळे पैसे परत मिळणार असतात तो रात्र रात्र जागतो, आणि ज्याला काहीच मिळण्याची खात्री नसते तो ‘सरकारचा विमा आहे’ म्हणून निवांत राहतो.

पहिल्या गठ्ठ्यात तीन पावत्या होत्या. परवाना असलेली सहकारी बँक, रिझर्व्ह बँकेने तिच्यावर निर्बंध घातलेले, म्हणजे पैसे काढायला मर्यादा. दुसऱ्या गठ्ठ्यात एकच पावती, चार लाखांची. तिच्यावरही ‘अर्बन’ हा शब्द ठळक छापलेला, पण ती संस्था बँक नव्हती, पतसंस्था होती. तिसऱ्या गठ्ठ्यातही एकच पावती, पन्नास हजारांची. ती पहिल्याच बँकेची, पण तिचा क्रमांक छापील नव्हता. शाईने लिहिलेला होता.

ठेव म्हणजे आपण दिलेले कर्ज

आधी एक मूळ गोष्ट. लॉकरमधले दागिने आपले असतात. खात्यातले पैसे कायद्याच्या नजरेत आपण बँकेला उसने दिलेले असतात. बँक ऋणको, आपण धनको. ती ते पैसे पुढे कर्जाऊ देते आणि त्यावरच्या व्याजातून आपले व्याज भागवते.

समजा, एका लहान बँकेकडे शंभर कोटींच्या ठेवी आहेत आणि भागभांडवल नि राखीव निधी मिळून स्वतःचे आठ कोटी. थोडी रोकड ठेवून, सरकारी रोखे घेऊन, तिने पासष्ट कोटींची कर्जे वाटली. त्यातली आठ कोटींची कर्जे बुडाली, म्हणजे आठातले एक, की स्वतःचा पैसा संपला. त्यानंतर बुडणारा प्रत्येक रुपया ठेवीदाराचा. बाहेरून मात्र काहीच दिसत नाही. शाखा उघडी, एसी सुरू, कॅशिअर नेहमीसारखा हसून बोलतो. जोपर्यंत नव्या ठेवी येत आहेत तोपर्यंत जुन्या फेडता येतात, आणि लहान गावात बँकेच्या चेअरमनला ओळखणारी माणसे नव्या ठेवी आणतच असतात.

बुडणे आणि बुडवणे

प्रत्येक बुडीत कर्जामागे लबाडी असतेच असे नाही. डिचोली, सत्तरी, सांगे भागात ज्यांनी ट्रक घेतले त्यांना विचारा. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुढे काही काळ सुरू झाल्या आणि सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर मार्च २०१८ मध्ये पुन्हा बंद पडल्या. खनिजाची वाहतूक बंद झाली की ट्रक दारात उभा राहतो, आणि उभ्या ट्रकाचा हप्ता कोण भरणार? नव्वद दिवस हप्ता आला नाही की ते कर्ज ‘अनुत्पादित’ धरायचे, असा नियम आहे. अशी कर्जे देणाऱ्या बँकांचे नुकसान झाले. पण ते धंद्यातले नुकसान.

गैरकारभार सुरू होतो तो त्याच्या पुढच्या पायरीवर, नुकसान लपवण्यात. थकलेल्या कर्जदाराला, किंवा त्याच्या भावाच्या नावावर, नवे कर्ज द्यायचे आणि त्याच पैशांतून जुने कर्ज फिटले असे दाखवायचे. वही हिरवीगार. याला बँकेतले लोक ‘एव्हरग्रीनिंग’ म्हणतात. पैसा बँकेतून निघून बँकेतच परत आला, मध्ये फक्त तारीख बदलली.

त्याहून वाईट म्हणजे कर्ज मुळातच आपल्या माणसाला देणे. संचालकांना आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर रिझर्व्ह बँकेने सहकारी बँकांना २००३ पासून, किरकोळ अपवाद सोडले तर, बंदी घातलेली आहे. मग कर्ज संचालकाच्या नावावर निघतच नाही. ते निघते त्याच्या कामगाराच्या, ड्रायव्हरच्या, कधी ज्याला आपल्या नावावर कर्ज आहे हेच ठाऊक नाही अशा माणसाच्या नावावर. पीएमसी, म्हणजे पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह, बँकेचे प्रकरण याच जातीचे, फक्त अवाढव्य. गोव्यातही तिच्या शाखा होत्या. एका बांधकाम समूहाला सुमारे साडेसहा हजार कोटी, म्हणजे एकूण कर्जांच्या सत्तर टक्क्यांहून अधिक, दिलेले होते. आणि ते झाकण्यासाठी सुमारे २१ हजार खोटी खाती दाखवल्याचे तपासात पुढे आले. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सुरुवातीला फक्त एक हजार रुपये काढता येत होते.

तारणातली लबाडी मात्र गोव्यात वेगळी आणि जास्त सफाईदार असते, कारण इथली जमीनच गुंतागुंतीची. मुंबईच्या फ्लॅटचे कागद एका फाइलमध्ये मावतात. आपल्याकडे एक-चौदाच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या, उताऱ्यावर एक नाव, कुळाच्या रकान्यात दुसरे, घरात मुंडकार (भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणारा) तिसरा, आणि आजोबांच्या मृत्यूनंतर इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांची कायदेशीर वाटणी, कधी झालीच नाही म्हणून वाटेकरी सोळा. त्यात गोव्याच्या नागरी कायद्याने लग्नानंतर मालमत्ता सहसा नवरा-बायकोची समाईक होते, म्हणून स्थावर विकायला किंवा गहाण टाकायला दोघांची संमती लागते. प्रामाणिक बँक हे सगळे तपासते, दोन महिने घेते, कर्जदार वैतागतो. वशिल्याच्या कर्जाला दोन दिवस पुरतात. एका भावाची सही घेऊन सोळा वाटेकऱ्यांची बागायत तारण लिहिली जाते, मूल्यांकन करणारा तिची किंमत तिप्पट लावतो. कर्ज थकल्यावर बँक लिलावाला जाते तेव्हा उरलेले पंधराजण कोर्टात उभे असतात. कागदावर तारण होते, ऑडिटरने फाइल पाहिली तेव्हाही होते. वसूल करायला गेल्यावर नाही.

सोने तारणातही असेच. सोने तपासणारा सराफ बँकेनेच नेमलेला. त्याने पितळेला सोने म्हटले की वहीत ते सोनेच. आणि अगदी सरळसरळ चोरीही होते. मुंबईच्या न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेत २०२५ च्या सुरुवातीला तिजोरीतली रोकड वहीशी जुळेना. तूट १२२ कोटींची. इतकी रोकड मोजायला कुणी कधी तिजोरीत उतरलेच नसेल का, हा प्रश्न मला अजून पडतो.

मग लक्ष कोण ठेवते?

सहकारी बँकेवर देखरेख ठेवणारे दोघे आहेत, म्हणजे कधी कधी एकही नसतो. १ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांचा बँकिंगचा भाग रिझर्व्ह बँकेकडे आला; पण नोंदणी, निवडणुका, संचालक मंडळ हे सहकार निबंधकाकडे राहिले. गोव्यापुरती संस्था असेल तर निबंधक पणजीचे, राज्याबाहेर पसरलेली असेल तर दिल्लीचे केंद्रीय निबंधक. वर्षानुवर्षे रिझर्व्ह बँक दोष दाखवायची आणि संचालक मंडळ हटवायला निबंधकाकडे पाहावे लागायचे. पीएमसीनंतर, २०२० मध्ये बँकिंग नियमन कायदा बदलला आणि रिझर्व्ह बँकेला सहकारी बँकांच्या व्यवस्थापनावर बरेच अधिक अधिकार मिळाले.

गोव्यातली दोन उदाहरणे जुन्या आणि नव्या काळाच्या सीमेवरची आहेत. म्हापसा अर्बन बँकेवर जुलै २०१५ मध्ये निर्बंध आले आणि परवाना रद्द झाला एप्रिल २०२० मध्ये. मडगाव अर्बनवर निर्बंध आले मे २०१९ मध्ये आणि परवाना गेला जुलै २०२१ मध्ये. दोन्हीकडे रिझर्व्ह बँकेने दिलेले कारण एकाच साच्याचे होते: पुरेसे भांडवल नाही आणि कमाईची शक्यता नाही. (परवाना रद्द होण्याचे कारण म्हणून एवढेच लिहिले असले, तर त्यावरून कुणी चोरी केली असा अर्थ काढू नये. तो वेगळा तपास.)

म्हापशाच्या ठेवीदारांनी जवळजवळ पाच वर्षे निर्बंधांत काढली. शुक्रवारच्या बाजारात गल्ला करणाऱ्या माणसाला पाच वर्षे स्वतःचेच पैसे थोडे थोडे मागावे लागणे म्हणजे काय, हे मी सांगायला नको. पण तारखांकडे नीट पाहा. ठेव विम्याची मर्यादा १९९३ पासून एक लाख होती. ती पाच लाख झाली ४ फेब्रुवारी २०२० रोजी. परवाना रद्द होतो त्या दिवशीची मर्यादा लागू पडते. म्हणजे तोच आदेश अडीच महिने आधी निघाला असता तर साडेचार लाखांच्या ठेवीवर एक लाखच मिळाला असता. कधी कधी सरकारी दिरंगाईसुद्धा कामी येते, काय सांगणार.

पहिला गठ्ठा: पाच लाखांचे गणित

विमा देते ते ठेव विमा आणि पत हमी महामंडळ, म्हणजे डीआयसीजीसी, रिझर्व्ह बँकेच्याच मालकीचे. हप्ता बँक भरते. ठेवीदाराकडून वसूल करता येत नाही. बचत, चालू, मुदत, आवर्ती, सगळ्या ठेवी यात येतात. इथपर्यंत लोकांना माहीत असते. चुका पुढे होतात.

मावशीच्या तीन पावत्या अशा होत्या. फोंडा शाखेत तीन लाख, तिच्या एकटीच्या नावाने. मडगाव शाखेत दोन लाख चाळीस हजार, तेही एकटीच्या नावाने. आणि एक लाख वीस हजार मुलीबरोबर संयुक्त, मुलीचे नाव आधी. शाखा वेगळ्या म्हणून विमाही वेगळा, असे तिला कुणीतरी सांगितले होते. तसे नाही. एका बँकेच्या सगळ्या शाखांतले एकाच माणसाचे, एकाच नात्याने ठेवलेले पैसे एकत्र मोजतात. शिवाय मर्यादा मुद्दल अधिक व्याज अशी आहे. तिच्या दोन पावत्यांचे मुद्दल पाच लाख चाळीस हजार, त्यावर साठलेले व्याज एकतीस हजार. एकूण पाच लाख एकाहत्तर हजार. मिळणार पाच लाख. एकाहत्तर हजार अडकले.

मुलीबरोबरची ठेव मात्र वेगळी मोजतात, कारण ती ठेव वेगळ्या नात्याने आहे. तिला स्वतंत्र पाच लाखांची मर्यादा, त्यामुळे ते एक लाख वीस हजार व्याजासह पूर्ण मिळणार. नातवाची पालक म्हणून ठेवलेले असते तर तेही वेगळे. त्याच बँकेतले तुमचे कर्ज बाकी असेल तर ते आधी वळते होते, उरलेल्यावर विमा.

मिळणार कधी? २०२१ मध्ये कायदा बदलला, तेव्हापासून निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत. त्यातले पहिले पंचेचाळीस दिवस बँकेने ठेवीदारांची यादी करून द्यायची, उरलेल्या पंचेचाळिसांत महामंडळाने तपासून पैसे द्यायचे. बँकेचे दुसऱ्या बँकेत विलीनीकरण होण्याची शक्यता दिसली तर मुदत आणखी नव्वद दिवस वाढवता येते. ठेवीदाराने काय करायचे? पैसे हवेत अशी संमती आणि दुसऱ्या बँकेतला खाते क्रमांक वेळेत द्यायचा, ओळखीचे कागद पुरे करायचे. हे ऐकायला सोपे. पण बँकेतले नाव आणि आधारवरचे नाव यांच्यात माहेर-सासरचा फरक असलेल्या कितीजणी माझ्याकडे आल्या, ते मोजले नाही. मावशीचेही तेच: पावतीवर लग्नाआधीचे आडनाव, आधारवर नंतरचे. आम्ही सगळ्यात आधी ते प्रतिज्ञापत्र केले.

मडगाव अर्बनचा परवाना गेला तेव्हा सुमारे ९९ टक्के ठेवीदारांना पूर्ण पैसे मिळतील असे रिझर्व्ह बँकेने म्हटले होते. हा आकडा माणसांचा आहे, रुपयांचा नाही, हे वाचताना निसटते. उरलेल्या एका टक्क्यात कोण असतो? सेवानिवृत्तीचे सगळे पैसे एके ठिकाणी ठेवलेला शिक्षक. बारा वर्षे जहाजावर काढून परतलेला तारवटी. हाउसिंग सोसायटी. देवस्थान समिती, जिच्या जीर्णोद्धार निधीला वेगळी दया नाही. तिलाही पाच लाखच. पाच लाखांवरचे पैसे अवसायक, म्हणजे लिक्विडेटर, बँकेची कर्जे वसूल करील तसे मिळायचे. त्यातही आधी महामंडळाने दिलेले पैसे त्याला परत करायचे. ती सोळा वाटेकऱ्यांची बागायत आठवा, म्हणजे वसुलीला किती वर्षे लागतील याचा अंदाज येईल.

विलीनीकरण झाले तर चित्र बरे असते, पण नेहमी सारखे नसते. न्यू इंडिया बँक ऑगस्ट २०२५ मध्ये सारस्वत बँकेत गेली. पीएमसी जानेवारी २०२२ मध्ये युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा पाच लाखांवरच्या रकमा टप्प्याटप्प्याने, दहा वर्षांपर्यंत, द्यायचे ठरले. सत्तर वर्षांच्या माणसाला दहा वर्षांची मुदत सांगणे जरा कठीणच.

दुसरा गठ्ठा: ‘अर्बन’ लिहिले म्हणून बँक नव्हे

चार लाखांच्या पावतीवर मी बोट ठेवले. ‘‘मावशी, हाका विमो ना.’’ ती काहीच बोलली नाही. पावती परत हातात घेतली, उलटसुलट पाहिली.

पतसंस्था, म्हणजे क्रेडिट सोसायटी, सहकार कायद्याखाली नोंदवलेली असते. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, ठेव विमा नसतो, आणि नावात ‘बँक’ शब्द वापरायची तिला मुभा नसते. पण ‘अर्बन’, ‘मल्टीस्टेट’, ‘को-ऑप.’ यांना मुभा आहे. काउंटर तसाच, काच तशीच, पासबुकही तसेच. पैसे फक्त सभासदांकडून घ्यायचे असतात, म्हणून खाते उघडताना दहा-शंभर रुपयांत ‘नाममात्र सभासद’ करून घेतात. आपण सही करतो ती अकराव्या कागदावर, न वाचता. एखादा-दीड टक्का जास्त व्याज मिळते, ते या नसलेल्या विम्याचेच असे म्हणायला हरकत नाही.

पतसंस्था सगळ्या वाईट, असे मी म्हणणार नाही. माझे स्वतःचे पहिले स्कूटरचे कर्ज पतसंस्थेचे. पण ती बुडाली तर दार वेगळे: गोव्यातल्या संस्थेसाठी निबंधक, बहुराज्यीय असेल तर केंद्रीय निबंधक, आणि लबाडी असेल तर पोलिसांचा आर्थिक गुन्हे विभाग. ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा गोव्याचा स्वतःचा कायदा आहे, त्याखाली संस्थेची आणि चालकांची मालमत्ता जप्त करता येते. जप्ती आणि पैसे हातात पडणे यांच्यामध्ये मात्र कोर्ट असते. संस्था बँक आहे की नाही हे पाहायचे सगळ्यात सोपे ठिकाण म्हणजे महामंडळाच्या संकेतस्थळावरची विमा असलेल्या बँकांची यादी. नाव तिथे नसेल तर पाटीवर काहीही लिहिलेले असो.

तिसरा गठ्ठा: शाईचा क्रमांक

आता ती पन्नास हजारांची पावती. शिक्का खरा, छापील फॉर्म खरा, सही ओळखीची. शाखेतल्या एका कर्मचाऱ्याने ती मावशीला घरी आणून दिली होती. तो तिचा विद्यार्थी. दारात आला, ‘टीचर, तुम्ही कशाला येताय उन्हात’ म्हणाला, रोख पन्नास हजार घेऊन गेला, संध्याकाळी पावती देऊन गेला. बँकेच्या संगणकात त्या क्रमांकाची ठेवच नाही.

इथे विम्याचा काही संबंध नाही, कारण विमा बँकेच्या वहीत असलेल्या ठेवींना. इथे प्रश्न असा की, त्याने पैसे घेतले तेव्हा तो बँक होता की माणूस? नोकरीचे काम करताना कर्मचाऱ्याने फसवले तर बँक जबाबदार, हे सर्वसाधारण तत्त्व. पण सर्वोच्च न्यायालयाचा १९७८ चा एक निकाल प्रत्येक ठेवीदाराने ऐकायला हवा. एका बाईने खात्यात भरण्यासाठी रोकड आणि धनादेश एका बँक कर्मचाऱ्याकडे दिले. तो शेजारी होता, नवऱ्याचा मित्र होता. त्याने पैसे हडप केले, पासबुकात खोट्या नोंदी केल्या. न्यायालय म्हणाले, पैसे त्याच्याकडे मित्र म्हणून दिले होते, बँकेचा माणूस म्हणून नव्हे. बँक जबाबदार नाही. बाई हरली.

ओळख नेमकी इथे आडवी येते. लहान बँकेत आपण जातो ती ओळखीसाठीच. मोठ्या बँकेत टोकन घेऊन बसवतात, इथे ‘टीचर’ म्हणून हाक मारतात, आणि ती हाक ऐकली की पावतीवरचा क्रमांक तपासणे म्हणजे त्या पोरावर संशय घेतल्यासारखे वाटते. कर्जाच्या बाजूलाही हेच चालते. चेअरमनच्या ओळखीच्या माणसाचे तारण तपासायला मॅनेजरला संकोच वाटतो. पिग्मीचेही तसेच. दुकानादुकानांतून रोज दहा-वीस रुपये गोळा करायची ही पद्धत १९२८ मध्ये उडुपीला सिंडिकेट बँकेने सुरू केली आणि आपल्या बाजारपेठा तिच्यावर वाढल्या. पिग्मीवाला रोज येतो, मशीनमधून चिठ्ठी देतो, आपण ती गल्ल्यात टाकतो. महिन्यातून एकदा शाखेत जाऊन चिठ्ठ्यांची बेरीज पासबुकाशी ताडून पाहणारा दुकानदार मी आजवर एकच पाहिला, आणि तो कंजूस म्हणून बदनाम आहे.

मावशीच्या बाजूने एक गोष्ट होती: फॉर्म छापील होता आणि शिक्का बँकेचा होता, म्हणजे बँकेच्या आतून काहीतरी बाहेर आले होते. ते पकडून आम्ही आधी शाखेला लेखी तक्रार दिली आणि पोच घेतली. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. १४४४८ हा त्यांचा फोन. अगदी लहान सहकारी बँका त्या योजनेबाहेर राहतात, तेव्हा आधी विचारून घ्यावे. फौजदारी तक्रार वेगळी. मावशी तिला तयार नव्हती. ‘‘ताची आवय म्हज्या वळखीची,’’ एवढेच म्हणाली. मी समजावले, की तक्रार नसेल तर बँक उद्या म्हणेल, हा तुमच्या दोघांतला मामला. दुसऱ्या दिवशी मुलीला घेऊन आली आणि सही केली.

जाताना पिशवीत तळाशी आणखी एक कागद सापडला, पिवळा पडलेला. बँकेच्या भागांचा, म्हणजे शेअर्सचा, दाखला, दहा हजारांचा. मुलीच्या लग्नाच्या वेळी कर्ज काढले तेव्हा कर्जाच्या प्रमाणात भाग घ्यावे लागले होते, कर्ज फिटले तरी ते तसेच राहिले.

‘‘हो खंयच्या गठ्ठ्यांत?’’

मी सांगितले, कुठल्याच नाही. भाग म्हणजे ठेव नव्हे. भागधारक बँकेचा मालक, आणि बँक मोडीत निघाली की सगळ्यांचे देऊन झाल्यावर मालकाची पाळी येते. मालक म्हणून तिला एक मत होते, चेअरमनला होते तेवढेच. वार्षिक सभेत ताळेबंद हातात घेऊन विचारता आले असते, की निव्वळ थकीत कर्जे सहा टक्क्यांच्या वर का गेली. त्या आकड्याच्या वर बँक गेली की रिझर्व्ह बँकही लक्ष घालते.

सभेला ती एकदाच गेली होती, म्हणाली. अहवाल मिळाला होता, तो वाचला नाही. सभासदांना स्टीलचा डबा दिला होता. तो अजून आहे, त्यात ती पोहे ठेवते.